सामाईक जागेचा सातबारा

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर एक शब्द असतो, तो दिसला की कोकणातला माणूस पुढचं वाचायच्या आधीच सुस्कारा सोडतो: सामाईक. पणजोबांच्या नावावरची पंधरा गुंठ्यांची जागा, तिच्यावर आता तेवीस नावं. त्यांतली निम्मी मुंबईत, दोघं-तिघं कुठे आहेत कोणालाच ठाऊक नाही, चौघं हयात नाहीत पण वारसनोंद झालेली नाही. जागा सगळ्यांची आहे याबद्दल कोणाचंच दुमत नसतं. वाद सुरू होतो तो घराची कौलं बदलायची वेळ आली की, आवारातला फणस पाडायचा झाला की, विहिरीवर पंप बसवायचं कोणी काढलं की. कोणाला विचारायचं, सही कोणी करायची, आणि न विचारता केलं तर कोण काय करणार?

संगणकातल्या 'शेअर्ड मेमरी'ला मराठीत काय म्हणावं याचा मी फार विचार केला नाही. मालवणात राहणाऱ्या माणसाला 'सामाईक' हाच शब्द आधी सुचणार. (काही जण 'सामायिक' लिहितात. मी तलाठ्याच्या कागदावर असतो तसाच ठेवला आहे.) प्रश्नही तेच आहेत. लिनक्सवर सामाईक मेमरीची परवानगी अडते तेव्हा तांत्रिक उत्तर एका ओळीत मिळतं. पण ती ओळ तशी का आहे, तिच्या शेवटी 'टी' हे अक्षर का येतं, आणि 'सगळ्यांना सगळं उघडं करून टाका' हा सल्ला पुन्हा पुन्हा का दिला जातो, हे कळायला इतिहासात शिरावं लागतं. हा लेख त्या इतिहासाचा आहे, आणि तो मी शोधायला का बसलो ते मध्यावर येईल.

आधी थोडं प्राथमिक. संगणकावर चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला वाटतं की सगळी मेमरी आपलीच. शेजारच्या प्रोग्रामचं त्याला काही दिसत नाही. ही भिंत कर्नल, म्हणजे संगणकाचा आतला कारभारी, उभी करतो. पण दोन प्रोग्रामांना एकाच मोठ्या गोष्टीवर काम करायचं असेल, उदाहरणार्थ एक चित्र तयार करतो आणि दुसरा ते पडद्यावर दाखवतो, तर दरवेळी अख्खं चित्र एकाकडून दुसऱ्याकडे नकलून देणं महाग पडतं. मग कर्नल मेमरीचा एक तुकडा दोघांच्याही हद्दीत दाखवतो. नक्कल नाही, ने-आण नाही. एकाने लिहिलं की दुसऱ्याला त्याच क्षणी दिसतं. संगणकावर दोन प्रोग्रामांनी बोलायचा याहून वेगवान मार्ग नाही, आणि धोका नेमका त्या वेगातच आहे, कारण मध्ये थांबून तपासणारं कोणी नसतं. तपासणी होते ती एकदाच, दारात शिरताना. तिथे कर्नल 'परवानगी नाही' म्हणाला की प्रोग्राम बहुतेक वेळा काही न सांगता मरतो. समोर बसलेल्याला एवढंच दिसतं की ब्राउझरचं चिन्ह चार सेकंद फिरलं आणि नाहीसं झालं.

आता साठ वर्षं मागे.

१९६० च्या दशकात संगणक खोलीएवढा असे आणि त्याची किंमत एका माणसाला परवडेल अशी नव्हतीच. म्हणून एमआयटीमध्ये 'टाइम-शेअरिंग'ची कल्पना पुढे आली: एकच यंत्र, अनेक टर्मिनल, प्रत्येकाला वाटावं की यंत्र आपल्यासाठीच चाललंय. १९६५ च्या सुमारास एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्स यांनी मिळून 'मल्टिक्स' नावाची प्रणाली हाती घेतली. तिच्यात फाइल आणि मेमरी असा भेदच नव्हता. सगळे 'सेगमेंट', आणि प्रत्येक सेगमेंटला एक यादी चिकटवलेली: या माणसाला वाचता येईल, त्याला लिहिता येईल, अमुक प्रकल्पातल्यांना नुसतं चालवता येईल. नावानिशी यादी. म्हणजे अगदी सातबाराच, आणि सातबाऱ्यासारखीच सविस्तर आणि वजनदार. १९६९ मध्ये बेल लॅब्स या प्रकल्पातून बाहेर पडली. तिथले केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी कोपऱ्यात पडलेल्या पीडीपी-७ या लहान यंत्रावर स्वतःपुरतं काहीतरी सुरू केलं. तेच युनिक्स.

लहान यंत्रावर लांबलचक याद्या परवडत नाहीत. १९७१ च्या युनिक्सच्या पहिल्या हस्तपुस्तिकेत परवानगीचे दोनच रकाने आहेत: मालक, आणि मालक नसलेले. 'गट' हा तिसरा रकाना नंतर आला. तेव्हापासून मालक, गट, इतर असे तीन रकाने आणि प्रत्येकात वाचणं, लिहिणं, चालवणं अशा तीन खुणा, मिळून नऊ. पन्नास वर्षं झाली, अँड्रॉइड फोनच्या पोटातही हेच नऊ आहेत. मला ही योजना आवडते, तिच्यात कंजूषपणाचं सौंदर्य आहे. पण तिने एक गोष्ट गिळली. मल्टिक्सच्या यादीत शेजाऱ्याचं नाव घालता येत होतं. युनिक्सच्या 'इतर' या रकान्यात शेजारी, पाहुणा आणि चोर एकाच ओळीत उभे राहतात. बेल लॅब्समधल्या त्या मजल्यावर 'इतर' म्हणजे पलीकडच्या टेबलावरचा सहकारी होता, त्यामुळे कोणाचं अडलं नाही.

युनिक्सने सामाईक मेमरीलाही सुरुवातीला हात लावला नाही. त्याऐवजी १९७३ मध्ये 'पाइप' आला. एका प्रोग्रामने ओतायचं, दुसऱ्याने खाली ओंजळ धरायची. स्वच्छ पद्धत, कोणी कोणाच्या घरात शिरत नाही.

इथे त्या 'टी'ची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढे सगळं तिच्यावरच येऊन ठेपतं. १९७४ च्या सुमाराची पाचवी आवृत्ती. डिस्क मंद, मेमरी चिमूटभर. एखादा प्रोग्राम, समजा मजकूर लिहिण्याचा, दिवसातून शंभरदा उघडला जातो आणि दरवेळी डिस्कवरून हळूहळू वाचावा लागतो. म्हणून आणखी एक खूण काढली. ती लावलेला प्रोग्राम संपला तरी त्याची प्रत 'स्वॅप'मध्ये, म्हणजे पटकन उचलता येईल अशा जागी, तशीच राहायची. चिकटून राहतो म्हणून तिला 'स्टिकी बिट' म्हणू लागले. पुढे डिस्क वेगवान झाल्या, मेमरी स्वस्त झाली आणि खुणेला काम उरलं नाही.

त्याच सुमारास दुसरीच अडचण डोकं वर काढत होती. युनिक्सवर तात्पुरत्या फाइली ठेवायला सगळ्यांसाठी एक फोल्डर असतो, 'टेम्प'. त्यात कोणीही लिहू शकतो. पण युनिक्समध्ये फाइल पुसणं म्हणजे फाइलला हात लावणं नव्हेच. ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्याच्या यादीतून तिचं नाव खोडणं, एवढंच ते असतं. म्हणजे फोल्डरमध्ये लिहायची परवानगी ज्याला आहे, तो तिथली कोणाचीही फाइल उडवू शकतो, ती फाइल उघडून वाचायची परवानगी त्याला नसली तरी! सगळ्यांसाठी खुली जागा म्हणजे सगळ्यांना सगळ्यांचं उचलून फेकायची मुभा. बर्कलेच्या मंडळींनी १९८६ च्या ४.३बीएसडी या आवृत्तीत बेकार झालेल्या स्टिकी बिटला नवी नोकरी दिली. फोल्डरवर ती खूण असेल तर ठेवायला कोणीही यावं, पण ठेवलेलं काढायचा किंवा त्याचं नाव बदलायचा अधिकार ठेवणाऱ्याचा, फोल्डरच्या मालकाचा किंवा 'रूट' या सर्वाधिकारी खात्याचा. यादीत ती 'टी' या अक्षराने दिसते. लिनक्सच्या कोडात तिचं नाव आजही 'सेव्ह टेक्स्ट'चं संक्षिप्त रूप आहे, जुन्या नोकरीवरून पडलेलं.

मालवणच्या किनाऱ्यावर भरतीच्या रेषेच्या वर ओढून ठेवलेल्या होड्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना ही खूण समजावून सांगायला नको. वाळू कोणाच्या नावावर नाही. कोणीही आपली होडी तिथे लावावी, जाळी पसरावीत. पण दुसऱ्याची होडी सरकवायची तर आधी हाक मारावी लागते. रापणीतही हेच, फक्त हिशेब जास्त बारीक. दोर ओढायला शंभर हात लागतात, मासळी एकाच ढिगात पडते, आणि तरी जाळ्याचा वाटा कोणाचा, होडीचा कोणाचा, अंगमेहनतीचा कोणाचा हे ढीग पडायच्या आधीपासून ठरलेलं असतं. सामाईक म्हणजे बेवारस नव्हे, हे किनाऱ्याला कोणी शिकवावं लागलं नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना ते शिकायला बराच काळ लागला.

सामाईक मेमरी युनिक्समध्ये शिरली ती अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या कोलंबस गावाहून. तिथल्या बेलच्या शाखेत टेलिफोनच्या जाळ्याचा कारभार सांभाळणारी सॉफ्टवेअरं लिहिली जात. प्रचंड माहिती आणि ताबडतोब उत्तर हवं, तिथे पाइपची ओंजळ पुरेना. त्यांनी आपल्या युनिक्समध्ये निरोपांच्या रांगा, सेमाफोर आणि सामाईक मेमरी अशी तीन साधनं घातली. १९८३ मध्ये ती एटी अँड टीच्या 'सिस्टिम फाइव्ह'मध्ये आली आणि जगभर गेली.

या साधनांची घडण मात्र युनिक्सच्या वळणाची नव्हती. तुकड्याला फाइलसारखं नाव नाही, फक्त एक आकडा, 'की'. फोल्डरमध्ये तो दिसत नाही, त्याचं वेगळंच दप्तर, आणि ते वाचायला वेगळी आज्ञा, 'आयपीसीएस'. परवानग्यांना मात्र तेच जुने नऊ. आणि एक गुण असा की ज्याने आजवर किती जणांचे तास खाल्ले असतील: तुकडा बनवणारा प्रोग्राम मेला तरी तुकडा मरत नाही. कोणीतरी मुद्दाम काढेपर्यंत तो जागा अडवून बसतो. आयपीसीएसच्या यादीत एक रकाना असतो, या तुकड्याला आत्ता किती जण जोडलेले आहेत याचा. तिथे शून्य दिसलं की मला आमच्या गावातली कुलूपबंद घरं आठवतात. आत कोणी नाही, विकलंही नाही, पाडताही येत नाही, आणि नाव बघावं तर तीस वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं.

हे सगळं आपल्याकडे कधी आलं? आधी बँकांतून. रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९८४ मध्ये बँकांच्या संगणकीकरणाचा आराखडा दिला, आणि दुसऱ्या समितीने त्या दशकाच्या अखेरीस तो पुढे नेला. कर्मचारी संघटनांचा विरोध मोठा होता. हे लिहिताना तो विरोध नुसता अडाणीपणाचा होता असं मला म्हणवत नाही. पण त्या खरेदीत युनिक्सवर भर दिला गेला आणि त्यामुळे भारतात युनिक्स जाणणाऱ्यांची एक अख्खी पिढी तयार झाली, हे खरं. शाखेत एक युनिक्स यंत्र, त्याला जोडलेले काउंटरवरचे टर्मिनल. ओरॅकलसारखे डेटाबेस आपला मुख्य कारभार सामाईक मेमरीतच ठेवतात. एका खिडकीवर पैसे भरले की पलीकडच्या खिडकीवरची शिल्लक बदललेली दिसायला हवी. १९६० च्या दशकातली मूळ परिस्थिती, एक यंत्र आणि अनेक माणसं, आपल्याकडे अशी वीस-पंचवीस वर्षांनी अवतरली, आणि तिथे परवानग्यांचे तीन रकाने अगदी चपखल बसले.

पुण्यात त्याच सुमारास अगदी उलटी निवड झाली होती. अमेरिकेने हवा तो क्रे महासंगणक द्यायला नकार दिल्यावर १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली, आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. क्रेच्या यंत्रांत अनेक प्रोसेसर एकच सामाईक मेमरी वापरत. परममध्ये सामाईक काही नव्हतंच. इन्मॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिप, प्रत्येकीची मेमरी स्वतःची, आणि एकमेकींशी बोलायचं ते निरोप पाठवून. सामाईक घराऐवजी वेगळ्या चुली. परमच्या अभिमानाच्या गोष्टी आपण खूप ऐकतो, त्यांत ही बाब क्वचित येते. मला ती त्या यंत्राबद्दलची सगळ्यात विचार करण्याजोगी बाब वाटते, कारण आज जगातले सगळे मोठे महासंगणक मुळात अशाच वेगळ्या चुलींवर चालतात.

टेबलावरच्या संगणकावर मात्र सामाईक मेमरी राहिली आणि वाढली. युनिक्सवर खिडक्या दाखवणारी 'एक्स' प्रणाली एमआयटीची. तिच्यात प्रोग्राम वेगळा आणि पडदा सांभाळणारा सर्व्हर वेगळा. दोघांमध्ये निरोपांची नळी. मोठी चित्रं त्या नळीतून जाईनात म्हणून 'एमआयटी-एसएचएम' ही जोड आली: चित्र सामाईक तुकड्यात ठेवायचं आणि सर्व्हरला फक्त तुकड्याचा क्रमांक कळवायचा. १९९३ मध्ये पॉझिक्स या मानकाने सामाईक मेमरीची नवी, फाइलसारखं नाव असलेली पद्धत ठरवली. लिनक्सने ती २००१ साली आलेल्या २.४ कर्नलच्या काळात आपल्या पद्धतीने बसवली. 'टेम्पएफएस' नावाची एक फाइलव्यवस्था केली, जी डिस्कवर नसतेच, मेमरीतच असते, आणि ती 'डेव्ह' या फोल्डरच्या आत 'एसएचएम' या नावाने जोडायची. त्यात फाइल बनवली की झाला सामाईक तुकडा. डोळ्यांना दिसतो, नावाने ओळखता येतो, पुसता येतो. कोलंबसच्या आकड्यांच्या दप्तरापेक्षा हे शंभरपट शहाणपणाचं. या फोल्डरची परवानगी १७७७ अशी लिहितात: तीन सातांचा अर्थ मालक, गट, इतर या सगळ्यांना सगळं, आणि पुढचा एक म्हणजे आपला 'टी'.

इथवर येऊन मी वाचनालयाकडे वळतो.

मालवण तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात दोन जुने संगणक आहेत, दोन्हींवर लिनक्स. पुस्तकांची नोंद त्यावर होतेच. पण खरी वर्दळ असते ती अर्जांची. शिष्यवृत्ती, मच्छीमारांच्या योजना, सातबारा काढणं, दहावी-बारावीचे निकाल. मी अधूनमधून त्यांची देखभाल करतो, पगार नाही, चहा असतो. गेल्या वर्षी पावसाळा संपताना ग्रंथपाल वहिनींचा फोन आला. "भावजी, ह्यां ब्राउझर वाचकांच्या खात्यात उघडणां नाय. रूट घालून चलता. आधी जो दुरुस्तीक इलेलो, त्यानं तसांच चालवक सांगितलेलां."

'रूट घालून' म्हणजे सर्वाधिकारी खात्यातून. ब्राउझर एरवी रूटमधून चालायला नकार देतो, पण त्याला आतल्या सुरक्षा भिंती बंद करायला सांगितलं की चालतो. कोणीतरी तसा शॉर्टकट पडद्यावर करून ठेवला होता, खाली 'इंटरनेट' असं लिहून. तो किती महिने वापरात होता याचा अंदाज मला रूटच्या डाउनलोड फोल्डरवरून आला. आधार कार्डांच्या प्रती, जातीचे दाखले, बँक पासबुकांची पहिली पानं, एका मुलीचं शाळा सोडल्याचं प्रमाणपत्र, कोणाचा तरी वैद्यकीय अहवाल. आज येणाऱ्याला काल आलेल्याचं सगळं एका क्लिकवर. कोणी गैरफायदा घेतला असं मी म्हणत नाही. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि मला नेमकी त्याचीच काळजी वाटली. अनोळखी माणसाच्या हाती वैद्यकीय अहवाल पडला तर तो त्याचं काय करणार? शेजाऱ्याच्या हाती पडला तर उद्या बाजारात त्याची चर्चा.

दोष शोधायला फार वेळ लागला नाही. वाचकांच्या खात्यातून, पण टर्मिनलमधून ब्राउझर सुरू केला की तो मरण्याआधी कारण सांगतो. क्रोमियम तर या बाबतीत फारच सरळ आहे, सामाईक मेमरीचा तुकडा बनवता आला नाही, बहुधा एसएचएम फोल्डरच्या परवानग्या चुकल्या असाव्यात, असं स्वतःच लिहून वर आज्ञाही सुचवतो. त्याच यंत्रावर टंकलेखनाच्या सरावाचा एक छोटा पायथन प्रोग्राम होता, तोही 'परवानगी नाही' म्हणून पडत होता. वहिनींनी ते वेगळं दुखणं समजून सोडून दिलं होतं. दोन वेगळे प्रोग्राम एकाच तक्रारीने पडले की प्रोग्रामकडे बघणं सोडावं आणि जागेकडे बघावं. फोल्डरची परवानगी पाहिली: ७५५, मालक रूट. म्हणजे रूटने लिहावं, बाकीच्यांनी नुसतं बघावं. शेवटी 'टी' नाही. सामाईक जागेला कोणीतरी कुंपण घालून एकाच्या नावावर केली होती.

१७७७ ची आज्ञा दिली, ब्राउझर उघडला. पण इथेच थांबलेल्यांचा दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन येतो. हा फोल्डर डिस्कवर नाही. संगणक बंद केला की तो नाहीसा होतो आणि सुरू केला की नव्याने घडतो. त्याच्या परवानग्या तुम्ही कितीही नीट केल्या तरी त्या त्या दिवसापुरत्या. तो कसा घडायचा हे 'एफएसटॅब' नावाच्या फाइलीत लिहिलेलं असू शकतं, आणि तिथे एक ओळ सापडली. यंत्रात मेमरी कमी, म्हणून कोणीतरी सामाईक फोल्डरला २५६ एमबीची मर्यादा घातली होती. (एरवी लिनक्स त्याला एकूण मेमरीच्या निम्म्यापर्यंत वाढू देतं.) हेतू चांगला. पण त्याच ओळीत, फोल्डरना एरवी देतात ती परवानगी म्हणून, ०७५५ असंही लिहिलं होतं. त्या जागी १७७७ केलं, संगणक बंद करून सुरू केला, वाचकांच्या खात्यात ब्राउझर उघडला, आणि पायथनचा प्रोग्रामही.

उरलेलं काम जास्त वेळखाऊ होतं. रूटमधून चालताना ब्राउझरने वाचकांच्या खात्यातल्या काही फाइलीही रूटच्या नावे करून ठेवल्या होत्या, त्यांची मालकी परत करणं आलं. पडद्यावरचा तो शॉर्टकट काढला. पाहुण्यांसाठी खातं असं केलं की बाहेर पडताच सगळं पुसलं जाईल. डाउनलोड फोल्डरमधल्या कागदांचं काय करायचं हे मी ठरवू शकत नव्हतो. वहिनींनी एक दुपार बसून यादी केली, ज्यांना हवं होतं त्यांना प्रत दिली आणि माझ्यासमोर सगळं पुसलं. रूटचा पासवर्ड आता त्यांच्याकडे, बंद पाकिटात.

त्या आधीच्या दुरुस्तीवाल्याला नावं ठेवायला मी तयार नाही. त्याच्यासमोर रांग असणार, शिष्यवृत्तीची शेवटची तारीख असणार. त्याने जे केलं तेच जगातल्या नामवंत प्रोग्रामरांनीही केलेलं आहे, आणि त्यांच्यासमोर रांग नव्हती.

'क्यूटी' हे नॉर्वेत जन्मलेलं साधन. केडीईचा अख्खा डेस्कटॉप त्यावर उभा आहे. त्यात सामाईक मेमरीसाठी एक तयार वर्ग आहे. २०१३ च्या सुरुवातीला उघड झालं की तो तुकडे बनवताना 'इतर'च्या रकान्यातही वाचायची आणि लिहायची परवानगी देतो. म्हणजे एकाच यंत्रावर खातं असलेला दुसरा कोणीही तुमच्या प्रोग्रामच्या तुकड्यात डोकावू शकतो, आणि खोडसाळ असेल तर बदलूही शकतो. इथे कोलंबसची घडण नडते: हे तुकडे फोल्डरमध्ये नसतात, आकड्यांच्या दप्तरात असतात. तिथे स्टिकी बिटची राखण नाही, जे काय ते त्या नऊ खुणांवर. मग २०१९ मध्ये 'मेसा'ची पाळी आली. लिनक्सवर त्रिमित चित्रं काढणारं जवळजवळ सर्वमान्य सॉफ्टवेअर. चित्र पडद्याकडे पोचवायला ते एमआयटी-एसएचएमचे तुकडे ०७७७ परवानगीने मागत होतं. तुमच्या पडद्यावरचं चित्र ज्या तुकड्यात, तो तुकडा यंत्रावरच्या सगळ्यांना उघडा. दुरुस्ती आकडा बदलण्याची होती: ०७७७ च्या जागी ०६००, म्हणजे फक्त मालकाला. एवढ्या वर्षांत कोणाला खटकलं नाही याचं कारण मला असं दिसतं की घरच्या लिनक्सवर बहुधा एकच माणूस असतो. 'इतर' हा रकाना तिथे रिकामाच. तो भरलेला असतो वाचनालयात, शाळेत, एका संगणकावर तीन भावंडं असलेल्या घरात. या ओळी लिहिणाऱ्यांच्या नजरेसमोर ती घरं नव्हती.

कर्नलची बाजू मात्र हळूहळू कडक होत गेली आहे. २०१८ च्या ४.१९ आवृत्तीत एक नवी तरतूद आली. स्टिकी खूण असलेल्या, सगळ्यांना लिहिता येणाऱ्या फोल्डरमध्ये दुसऱ्याच्या नावाची फाइल आधीच पडलेली असेल, आणि तुम्ही 'नसेल तर बनव, असेल तर उघड' अशा पद्धतीने तिच्याकडे गेलात, तर दार बंद. फाइल फोल्डरच्याच मालकाची असेल तर गोष्ट वेगळी. कोणी आधीच सापळा म्हणून तुमच्या नेहमीच्या नावाची फाइल टाकून ठेवू नये यासाठी ही योजना. बहुतेक लिनक्सवर यंत्र सुरू करण्याचं काम पाहणाऱ्या सिस्टिमडीने पुढच्याच वर्षी ती आपणहून चालू ठेवायला सुरुवात केली. तिचा परिणाम मोठा गमतीचा आहे. एसएचएम फोल्डरमध्ये साध्या वापरकर्त्याची फाइल आहे, तिच्या परवानग्या ६६६ आहेत, आणि तरी त्या वाटेने गेलेल्या रूटलाच 'परवानगी नाही' असं उत्तर मिळतं. युनिक्सच्या जन्मापासून ज्याला फाइलींच्या परवानग्यांचं बंधन नव्हतं, त्या खात्याला सामाईक जागेत कोणीतरी अडवलं. लोक चक्रावतात, परवानग्या पुन्हा पुन्हा तपासतात, त्या बरोबरच असतात. जुन्या स्क्रिप्ट मोडतात, कचेरीत काम अडतं. तरतूद बंद करणं अवघड नाही, एका सेटिंगमध्ये १ किंवा २ असेल त्या जागी ० लिहायचा. उपाय शोधायला गेलात तर पहिल्यांदा तोच सल्ला मिळतो.